बेइबितने कापलेली नळी

बेइबित आमच्या इमारतीतला, आमच्याच जिन्यावर राहणारा नळवाला. हात सोन्याचे, पण तोंडात 'नाही' हा शब्दच नाही. कोणी म्हणालं गरम पाण्याने घर तापवणारा जुना रेडिएटर काढ, काढला. कोणी म्हणालं पांढरा चपटा लाव, लावला. मी त्याला म्हणायचे, "अरे, उद्या कोणी भिंत पाड म्हणालं तर पाडशील!" तो नुसता हसायचा आणि चहा मागायचा.

घरात फार उकडलं की आमच्या करागंडा शहरात आम्ही खिडकी उघडतो, थंडी वाजली की अंगावर आणखी एक दुलई घेतो. पण गेल्या वर्षी सगळ्यांना रेडिएटरवर थर्मोस्टॅटचे व्हॉल्व्ह हवे झाले. खोली तापली की आपोआप बंद, गार झाली की आपोआप उघडा. बेइबितला दम घ्यायला फुरसत नव्हती.

त्यातच त्याच्या बायकोला, पेरिझातला, मुलगी झाली. पहिली मुलगी चाळीस दिवसांच्या आतच बाहेर न्यावी लागली होती, इस्पितळात, आणि दोघं रिकाम्या हातांनी परतली होती. त्यामुळे या वेळी पेरिझातने ठरवूनच टाकलं होतं, चाळीस दिवस सरेपर्यंत लेकरू उंबऱ्याबाहेर जाणार नाही. मी तिच्या खालच्या मजल्यावर राहते, एकटी. मीच बाळाला न्हाऊ घालायची; दोघं मला मानाने आपा म्हणतात.

आणि ऐन कडाक्याच्या थंडीत आमचे दोघींचे रेडिएटर गार पडले. बाहेर थुंकी खाली पडायच्या आत गोठत होती. बेइबितने नळ्यांतली हवा काढून पाहिली, तळघरात जाऊन पाहिलं. इमारतीला गरम पाणी सोडणारे बॉयलरवाले म्हणाले, "आमच्याकडून पाणी बरोबर चाललंय, तुमच्याकडेच बघा." आम्ही विजेच्या शेगड्या लावल्या, तर साऱ्या जिन्याची वीजच गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीत तोंडातून वाफ निघत होती. बाळाचे पाय हातात घेतले तर बर्फासारखे गार.

बेइबित एकेका मजल्यावर नळीला हात लावत वर गेला, मी त्याच्यामागे धापा टाकत. चौथ्या मजल्यावर गर्टा आजीची नळी चटका देत होती. तिसऱ्यावर मादियारचं लोखंडी दार, कुलूपबंद. तो आणि त्याची बायको उन्हाच्या देशात समुद्रावर गेलेले. त्या दारासमोर बेइबित पायरीवर बसला.

"आपा, यांच्याकडची बाजूची नळी मी कापलीय."

"कापलीस म्हणजे?"

"गरम पाणी वरून एकेका घरातून खाली येतं ना? रेडिएटरने नाही घेतलं तर ते बाजूच्या नळीने खाली जातं. मादियारची बायको म्हणाली, ती नळी विद्रूप दिसते. मी कापून टाकली. आता जाताना त्यांनी व्हॉल्व्ह बंद केला असणार. पाणी इथेच अडलं."

"मेल्या!" मी त्याच्या पाठीत गुद्दा घातला. "खाली तुझंच लेकरू आहे रे! कळत नव्हतं तुला?"

"कळत होतं. ती म्हणाली, आम्ही व्हॉल्व्ह कधी बंदच करणार नाही."

मादियारचा फोन लागेना. पहार लावली तर पहारच वाकली. दार कापायचं मशीन होतं, पण वीज कुठे होती? तेवढ्यात खालून पेरिझात किंचाळली, "बेइबित! रडत नाहीये रे ती!"

मी धावत खाली गेले. बाळ तिच्या छातीशी, तिच्या कपड्यांच्या आत. डोळे अर्धे मिटलेले.

"वर गर्टा आजीकडे घेऊन चल," मी म्हणाले. "तिकडे उबदार आहे. चाळीस दिवस गेले खड्ड्यात!"

"नाही. पहिलीही अशीच गेली, आपा. मी तिला छातीशी धरून या दारातून बाहेर पडले आणि..." पेरिझातने बाळाला आणखी आवळून धरलं. मी हात पुढे केले तर ती भिंतीला चिकटली. मी काय करू? ओढून घेऊ?

वरून बेइबितचा आवाज आला. "आपा, वर या! खोली गोठायला आली की बंद केलेला व्हॉल्व्हही उघडतो! आपोआप उघडतो!"

तो गर्टा आजीच्या बाल्कनीत होता. दोरीला लोखंडी नळीचा तुकडा बांधत होता. गर्टा आजी ओरडत होती, "दुसऱ्याच्या घराच्या काचा फोडतोस? पोलिसांना बोलावते!" तो म्हणाला, "बोलवा." तो कमरेपर्यंत कठड्याबाहेर वाकला आणि मी त्याचा पट्टा दोन्ही हातांनी धरला. पहिला फटका भिंतीवर बसला. दुसरा चौकटीवर. तिसऱ्याला मादियारच्या खिडकीची बाहेरची काच फुटली, मग आतलीही. अंगणात माणसं जमली. कोणीतरी खालून ओरडलं, "अरे, डोकं फिरलं का तुझं?"

"नळी मी कापली!" तो साऱ्या अंगणाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडला. "मादियारच्या घरातली नळी मी कापली! माझं लेकरू गारठतंय!"

मग आम्ही खाली येऊन त्याच्या घरात उभे राहिलो. तो नळीला हात लावून, मी बाळाच्या पावलांवर तोंडाची वाफ सोडत. पेरिझात नवऱ्याकडे बघत होती. तिने खिडकीतून सगळं ऐकलं होतं. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. नळीत आधी खरखर झाली, मग गुरगुर, आणि गरम पाणी आलं. बेइबित रडायलाच लागला.

खोली हळूहळू तापली. बाळाने तोंड वाकडं केलं, शिंकलं, आणि एकदाचं भोकाड पसरलं. मीही रडले, लाज कशाला वाटू देऊ. पेरिझातने तिला पाजायला घेतलं. बेइबित पुढे झाला आणि त्याने हात लांब केला.

"हात लावू नकोस तिला," पेरिझात म्हणाली. आवाज चढला नव्हता. "गार आहेत तुझे हात."

तो मागे फिरला आणि त्याने दोन्ही तळवे रेडिएटरवर ठेवले. तळवे लाल झाले तरी काढले नाहीत. मी म्हणाले, "बस कर रे, झाले गरम." त्याने ऐकलं नाही. तो पाठमोरा उभा होता, पेरिझात त्याला बोलावते का याची वाट बघत. पेरिझात बाळाकडे बघत राहिली.