काठ आत दुमडून

शेटनं मागाचा धोटा चिमट्यानं उचलला. मेलेला उंदीर उचलतात तसा. अंगणात नेला, वर घासलेट ओतलं, काडी लावली.

"तोंड लावलंस?"

लावलं होतं. धोट्याच्या भोकातून सूत ओठांनी ओढून घ्यायचं, ही सगळ्याच विणकरांची रीत. पण मी महारवाड्यातला. रत्नागिरीतल्या त्या मागावर मला फक्त सुताच्या कांड्या भरायची मुभा. त्या आठवड्यात विणकर तापानं आडवा पडला, लुगडं अर्धवट राहिलं, म्हणून शेटनं मला बसवलं. सूत ओढायला तारेचा आकडा दिला. मी शहाणा! हात तालात आला नि आकडा विसरलो. शेवटच्या वितीला शेटनं पाहिलं.

हिरवं लुगडं, लाल काठ. मागावरून कापून त्यानं माझ्या पायाशी फेकलं.

"बाटलं हे. ने तुझ्या आवशीला. आणि सांग, काठ आत दुमडून नेस. आमच्या बायकांसारखा मिरवायचा नाही."

मी काय करावं? कमरेत वाकलो. म्हटलं, "उपकार झाले, शेट." लुगडं छातीशी धरून घरापर्यंत नाचत आलो. असलं गाढव अख्ख्या जिल्ह्यात दुसरं नसेल.

आयेनं काठावरून बोट फिरवलं. "तू इणलंस?"

"हो. पण काठ आत घाल. शेट म्हणाला."

"आनि तू काय म्हनलास?"

सांगितलं.

आये पचकन थुंकली. "मेल्या, तो तुज्या तोंडावर थुकला, नि तू चाटून आलास!"

तेव्हा कुठं उमगलं. आयेचे काठ जन्मभर आतच पाहिलेले. मला वाटायचं, फाटके असतील म्हणून लपवते. वीस वर्षांचा घोडा झालो, कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी आये काठ बाहेर काढून नेसली. घोट्यापर्यंत. शेटच्या दारावरूनच बाजारात निघालो. तो ओरडला, "आवशीला सांगितलं नाहीस काय रे?"

"सांगितलं, शेट. ती म्हणते, तुमच्या आवशीला सांगा."

त्यानं नि त्याच्या गड्यांनी मला गटारात लोळवून मारलं. एक दात तिथंच पडला. आये हलली नाही. काठही हलला नाही.

आता माझ्या पडवीत माझा माग आहे. वाडीतल्या बायकांची लुगडी विणतो. काठ चार बोटं रुंद, लालभडक. पुन्हा मारायला येतील. येऊ देत. अजून एकतीस दात आहेत. काठ आत जाणार नाही.