मिठातलं बटण

अक्का माणसाचा चेहरा नंतर बघायच्या, आधी अंगठा बघायच्या. जळगावात जुन्या रेडिओंची बटणं मिळायची ती त्यांच्याकडेच. गिऱ्हाईक दारात आलं की त्याचा हात धरायचा, अंगठ्याचं पेर चोळून बघायचं आणि विचारायचं, "कोना हातनं शे?" रेडिओ कुणाच्या हातचा, हे त्यांना आधी कळायला हवं. मला पहिल्यांदा अस्सा राग आला होता! बटण घ्यायला आले होते मी, सोयरीक जुळवायला नाही.

त्यांचे यजमान रेडिओ दुरुस्त करायचे. ते गेल्यावर अक्का गावोगाव फिरून भंगारात निघालेल्या रेडिओंची बटणं तेवढी उपटून आणायच्या आणि खड्या मिठाच्या बरणीत वर्षभर पुरून ठेवायच्या. "मीठ बठ्ठं ओढी लेस," म्हणायच्या. सगळं म्हणजे काय काय ओढून घेतं, ते मात्र सांगायच्या नाहीत. दुकान कसलं, घराची ओसरीच ती. भिंतीशी बरण्या मांडलेल्या आणि वैशाखातल्या भर दुपारीही तिथं अंगावर काटा यावा असा गारवा. बोलता बोलता अक्का मधेच एखाद्या बरणीवर टिचकी मारायच्या आणि दटावायच्या, "गप बस!" मग आपलं बोलणं पुढे चालू.

मला घाई होती. आई गेल्यापासून आमचे आबा बोलेनासे झाले होते. घशात काही दोष नाही, त्यांच्या सवयीचं काहीतरी हाती द्या, असं डॉक्टर म्हणाले. आबांच्या सवयीचा म्हणजे आमच्या देवपूरच्या घरातला व्हॉल्वचा रेडिओ. तो दुरुस्त करून घेतला, पण स्टेशन लावायचं बटण कधीच हरवलेलं. ऑनलाइन मागवून नवं बसवलं. आबांनी बोट लावलं आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. दुसरं आणलं, पुन्हा तेच. मला त्यांच्या तोंडून एकदा 'शकू' अशी माझ्या नावानं हाक ऐकायची होती, बस.

अक्कांकडे अगदी तसंच बटण निघालं. तपकिरी, पितळी कड्याचं, रावेरच्या एका घरातून नुकतंच आलेलं. "बाई, हाई आजून थंड व्हयेल नही शे," म्हणत त्यांनी बरणीचं झाकण लावून टाकलं. मी तिथंच पायरीवर बसून ढसाढसा रडले. अक्कांना कुणाचं रडणं बघवत नसे. "व माय, रडू नको ना," म्हणाल्या, मला चहा पाजला आणि आपला नेम मोडून ते बटण पदरानं पुसून माझ्या हातावर ठेवलं.

घरी येऊन बसवलं. आबांनी बोटं टेकवली, उचलली नाहीत. सावकाश रेडिओचा कान पिळला, खरखर झाली आणि आबा बोलले.

"इंदू, केळीची गाडी भरली का वं?"

आबांचा जन्म कचेरीत कारकुनी करण्यात गेला. आमची केळी नाहीत, गाडी नाही, नात्यात कुणी इंदू नाही. आणि तो 'वं' रावेरकडचा.

दुसऱ्या दिवशी अक्कांना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मनी चूक व्हयनी, माय." बटण ज्यांच्या हातचं, ते रावेरचे केळीवाले वारले होते. इंदू त्यांची मुलगी. उपाय विचारला तर म्हणाल्या, "काढी आन, मीठमा ठेवू. पन मंग तुना आबा परत गप बसतीन." काढच, असं त्या म्हणाल्या नाहीत. राहू दे, असंही नाही. दुपारभर माझा हात हातात धरून बसल्या होत्या. मी निघताना हळूच म्हणाल्या की रावेरला बटण आणायला गेल्या तेव्हा त्यांनी ऐकलं होतं, ती पोर बापाला 'भाऊ' म्हणे.

मागच्या उन्हाळ्यात अक्का गेल्या. फार मायेची बाई. त्यांची आठवण येत नाही असा दिवस जात नाही.

बटण मी काढलेलं नाही. आवाज तर आबांचाच आहे ना! सकाळी ते हाक मारतात, "इंदू, चहा ठेव वं."

"ठेवते, भाऊ," मी म्हणते.