कॅलेंडरच्या पाठीवरची चिठ्ठी

आमच्या चर्चच्या मंडळीच्या पाळकसाहेबांचा आवाज असा, की भोंगा बंद पडला तरी शेवटच्या बाकावरची डुलकी मोडायची. बावीस वर्षं माणूस त्या आवाजावर जगला. घरी पाणी मागायचं तरी उपदेश केल्यासारखं. पाळकीणबाई म्हणायच्या, "अहो, मी मंडळी नाही, बायको आहे."

तोच घसा बसला. डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर तोंडातून शब्द काढायचा नाही, नाहीतर आवाज कायमचा जाईल. बाईंनी जुनं कॅलेंडर कापून चिठ्ठ्यांचा गठ्ठा करून दिला. कोणी भेटलं की साहेब कोऱ्या पाठीवर लिहून दाखवायचे.

रविवारच्या उपदेशाला त्यांच्या जागी शिंपीदादा उभा राहिला. मंडळीतला जुना माणूस. बोलतानाही मान खाली, मशीनवर बसल्यासारखी. म्हणाला, "उसवलेल्यावर वरून ठिगळ मारून भागत नाही. कपडा उलटा करून बघावा लागतो." दहा मिनिटांत आटोपलं. लोक दारात उभे राहून त्यावरच बोलत बसले. दुसऱ्या रविवारी तर एक म्हातारी साहेबांचा हात धरून म्हणाली, "घसा बसला ते एका परीनं बरंच झालं हो."

तिच्या मनात काही नव्हतं. साहेब मात्र घरी पोचेपर्यंत तेच वाक्य घोळवत राहिले. हा आवाज वजा केला तर खाली आपण काय उरतो, हे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

दारापाशी प्रार्थनेची पेटी असायची. कोणीही निनावी चिठ्ठी टाकावी, ती उपासनेत वाचावी, सगळ्यांनी त्यासाठी प्रार्थना करावी. रीत साहेबांनीच घातलेली. तिसऱ्या रविवारी, कोणी यायच्या आत, त्यांनी डाव्या हातानं लिहिलं, 'शिंप्याच्या बोलण्यानं आत्मा उपाशी राहतो. साहेबांशिवाय मंडळी विस्कटेल.' पेटीत टाकलं आणि पुढच्या बाकावर डोळे मिटून बसले.

शिंपीदादानं पेटी उघडली. कुणाची गुडघेदुखी, कुणाची परीक्षा, सगळं वाचलं. मग एक चिठ्ठी उलगडली आणि थांबला. छापील बाजू लोकांकडे होती. लाल रंगात रविवार, खाली ठसठशीत आकडा. पंधरा-वीस दिवस तसल्या चिठ्ठ्या साऱ्या मंडळीनं हाताळलेल्या. कुठल्या घरातली, हे शेंबडं पोरही सांगेल. साहेबांनी अक्षर बदललं, कागद बदलायचं सुचलं नाही. पाळकीणबाईंनी मान खाली घातली.

शिंपीदादानं चिठ्ठी खिशात घातली. म्हणाला, "एका भावाला भीती वाटतेय, की तो नसला तरी आपलं चालेल. त्याच्यासाठी प्रार्थना करू."

सगळ्यांनी केली. मनापासून केली, तेच वाईट झालं. शिवी दिली असती तर साहेबांना निदान रागावता आलं असतं.

उपासना सुटल्यावर त्यांनी शिंपीदादासमोर कागद धरला : 'ती माझी.'

"ठाऊक आहे, साहेब. ठेवा तो कागद, घरी पाणी मागायला लागेल."

साहेबांनी ठेवला नाही. खाली आपलं नाव घातलं, दारापाशी गेले आणि कागद पेटीत सोडला.

शिंपीदादा हळूच म्हणाला, "साहेब, मग पुढच्या रविवारी वाचावा लागेल. या वेळी खिशात घालणार नाही."

साहेबांनी होकारार्थी मान डोलावली.

घरी जाताना बाई चार पावलं पुढं चालत होत्या. एरवी बरोबरीनं चालायच्या. साहेबांना हाक मारायची होती. आवाज नव्हता, आणि खिशातला गठ्ठा काढायचा धीर होईना.