दह्याच्या डब्यांतली मोटार

गाडीवर जीव टाकणारा आणि गाडीत कधीही न बसणारा, असा आमच्या साडूंसारखा माणूस सबंध जर्मनीत दुसरा सापडायचा नाही. पाच वर्षं त्यांच्याकडे एक अमेरिकन मोटार होती आणि ती जवळजवळ पाचही वर्षं दह्याच्या डब्यांत होती. जवळच्या खेड्यातल्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यातून त्यांनी ती ओढून आणली, तेव्हा निदान गाडीसारखी दिसत तरी होती. माझ्या जन्माच्या आधीची, दोन दारांची, खाटेएवढ्या बॉनेटची, आणि आत असं दांडगं इंजिन, की असल्या गाड्यांना मसल कार का म्हणतात ते बघताक्षणी कळावं. साडू म्हणाले, "जरा खोलून बघतो," आणि तीन महिन्यांत त्यांनी तिचा शेवटचा स्क्रूही मोकळा केला. इथे किलोकिलोच्या डब्यांतून दही मिळतं आणि रिकामा डबा टाकून द्यायला मराठी माणसाचा हात धजत नाही. आम्ही त्यात इडलीचं पीठ ठेवतो. साडूंनी त्यात मोटार ठेवली.

वास्तविक ते नेकारसुल्मच्या मोटारकारखान्यात इंजिनिअर आहेत आणि त्यांचं काम आहे आवाज कमी करण्याचं. गाडीचं दार लावताना 'खण्ण' न होता 'ठप' व्हावं, यासाठी कंपनी त्यांना पगार देते. दिवसभर नव्या गाड्यांची तोंडं बंद करायची आणि घरी येऊन एका जुन्या गाडीला कंठ फुटावा म्हणून धडपडायचं, असा हा दिनक्रम. कारखान्यात जातात मात्र सायकलने. आमच्याकडे फ्रँकफर्टला जेवायला आले, की पान वाढेपर्यंत घरातली सगळी दारं उघडून-मिटून बघतात. आमच्या फ्रिजला तर ते एकदा "बिचारा" म्हणाले होते. ग्रीस जावं म्हणून बेसनाने हात धुतात, त्यामुळे त्यांच्याशी हात मिळवला की मला भज्यांची आठवण होते. दसऱ्याला गाडीची पूजा करायची तर हार घालायचा कशाला, असा प्रश्न आला, तेव्हा तो दिवाणखान्यात सोफ्यामागे उभ्या असलेल्या बॉनेटला घातला गेला. चाकं पलंगाखाली होती. ताईने, म्हणजे त्यांच्या बायकोने, तिथे आडवं होऊन त्यांना हळदकुंकू वाहिलं. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या म्हाताऱ्या घरमालकांनी रविवारच्या शांततेचा नियम पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितला होता. त्यामुळे रविवारी साडू बोटांनीच बोल्ट फिरवत आणि चुकून पाना पडला तर त्यालाच "श्श" करत.

पण त्यांचं खरं डोकं चाललं ते चिठ्ठ्यांमध्ये. गाडी खोलताना कोणता तुकडा कुठला, हे लिहून ठेवायला हवं ना? साडू म्हणाले, "आकडे लक्षात राहत नाहीत हो. माणसं राहतात." म्हणून त्यांनी प्रत्येक डब्यावर एकेका नातेवाइकाचं नाव लिहिलं. शकूआत्या, मधूकाका, मालूमावशी, सोलापूरचे जावई. दोनशे अकरा डबे झाले तरी त्यांचं गणगोत संपलं नाही. ज्याच्या स्वभावाशी जो तुकडा जुळला, त्याला ते नाव. एवढी सुंदर पद्धत जगात कुणी काढली नसेल. फक्त चार वर्षांनी गाडी जोडायला घेतली, तेव्हा कुणाचं नाव कशाला का दिलं होतं, हे साडू साफ विसरले होते. शकूआत्यांच्या डब्यात तीन बोल्ट आणि एक वायसर होता. शकूआत्या मुळात कशा होत्या, हेच त्यांना आठवेना.

तशात कराडहून त्यांच्या आई यायच्या झाल्या. पहिल्यांदाच, तीन महिन्यांच्या व्हिसावर. गुडघे गेलेले, त्यामुळे "हे पहिलं आणि शेवटचं" असं त्यांनी फोनवरच सांगून टाकलं होतं. साडू दहा वर्षांचे असताना त्यांनी आईला शब्द दिला होता, की मोठा झालो की तुला माझ्या गाडीतून फिरवीन. आईंनी तो पुढची चाळीस वर्षं जपून ठेवला. साडूही फोनवर "गाडी आहे ना" असं सांगत आले होते, आणि ते खोटंही नव्हतं. फ्रँकफर्टच्या विमानतळावर मी माझी छोटी गाडी घेऊन गेलो. आईंनी सामान ठेवायच्या आधी विचारलं, "तुझी कुठाय रे?"

"घरी आहे," साडू म्हणाले.

घरी आल्यावर आईंनी गॅरेजमधले डबे पाहिले, सोफ्यामागचं बॉनेट पाहिलं, पण रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मी गाडीत बसल्याशिवाय जाणार नाही. तिकडे सगळ्यांना सांगून आलेय." साडूंचा चेहरा पडला. तीन महिन्यांत ती गाडी उभी राहणं शक्य नाही, हे मला दिसत होतं आणि त्यांनाही दिसत होतं. चेष्टा करायला माझी जीभ वळवळत होती, तीसुद्धा मी आवरली.

दुसऱ्या दिवशी आई गॅरेजमध्ये खुर्ची टाकून मटार सोलत बसल्या आणि चिठ्ठ्या वाचू लागल्या. "शकू? तिला कुठेही बसवा, गरमच व्हायचं. पंख्यापाशी बघ." साडूंनी पंख्यापाशी बघितलं. तिन्ही बोल्ट बरोब्बर बसले. मग आई जोरात सुटल्या. "मधूभावजी दोन घरांच्या मध्ये असणार, त्याशिवाय त्यांना करमत नाही," आणि इंजिन गिअरबॉक्सला जोडलं गेलं. "मालू आणि तिची जाऊ एकमेकींचं तोंड बघत नाहीत, त्यांना पाठीला पाठ लाव." दोन सारख्या दिसणाऱ्या पट्ट्या पाठीला पाठ लागल्या. "सोलापूरचे जावई सगळं झाल्यावर येतील आणि त्यांच्यावाचून काही व्हायचं नाही," असं म्हणून त्यांनी तो डबा बाजूला ठेवला. तो बॉनेटच्या कडीचा निघाला. त्यांचा अंदाज एकदाच चुकला. वसंतमामा गरीब स्वभावाचे, म्हणून त्यांना डिकीत कुठेतरी बघायला सांगितलं, तर ते स्टार्टरमध्ये निघाले. "तरुणपणी नव्हता तो तसा," आई जरा विचार करून म्हणाल्या.

मी दर शनिवारी जायचो आणि अर्थातच माझा डबा शोधायचो. सापडला. वर 'साडू' आणि आत एक कडं, दोन स्क्रू. साडू एकाएकी पाना पुसण्यात गुंग झाले. आईंनी माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्ही का? हॉर्न असणार." बसला. मी तो आठवडाभर कुणाशी फारसं बोललो नाही. घरमालक मात्र रोज खाली येऊन उभे राहायला लागले होते. एकदा त्यांनी साडूंना बाजूला घेऊन विचारलं, की तुमच्या मातोश्रीही इंजिनिअर आहेत का. साडू म्हणाले, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर.

शेवटच्या आठवड्यात बुधवारी इंजिन सुरू झालं. आईंचं विमान शनिवारचं होतं. आणि तपासणी करून नंबरप्लेट मिळाल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही, असा नियम. तपासणीची तारीख मिळाली होती पुढच्या मंगळवारची. मी म्हटलं, "एक फेरी मारा हो, कोण बघतंय?" साडूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना दरोडा घालायला सांगतोय. अखेर घरमालकांनी तोडगा काढला. गॅरेजपासून फाटकापर्यंतचं अंगण त्यांच्या मालकीचं, तिथे रस्त्याचा नियम लागू नाही. त्यांनी टेप लावून मोजलं. अकरा मीटर चाळीस. त्यातले चाळीस सेंटिमीटर सुरक्षेसाठी सोडायचे.

शुक्रवारी दुपारी आई नवी साडी नेसून आल्या आणि आपल्याकडच्या सवयीने डाव्या बाजूच्या दारातून आत बसल्या. इथे स्टिअरिंग डावीकडे असतं. साडू म्हणाले, "आई, ती माझी जागा." आईंनी उठून पाहिलं, गुडघ्यांनी नकार दिला. "बसले ती बसले. आता तूच सांग काय करायचं ते." या गाडीला गिअर बदलायची भानगड नाही, ब्रेकवरून पाय उचलला की आपली आपण पुढे सरकते. साडूंनी वाकून आईंची सीट पार पुढे ओढली, तेव्हा कुठे त्यांचा पाय ब्रेकला पुरला. मग पलीकडून येऊन ते शेजारी बसले. मी मागे. घरमालक फाटकात दोन्ही हात पसरून उभे.

"पाय सावकाश उचल, आई."

"चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवलंय मी. मला पाय शिकवू नकोस."

गाडी गुरगुरत निघाली. मला वाटलं, अकरा मीटर म्हणजे काय, डोळा लवतो न लवतो तोच संपतील. पण आईंनी ते फार सावकाश संपवले. मध्येच त्या म्हणाल्या, "सगळ्यांच्या नावाचे डबे होते. माझ्या नावाचा एकही नव्हता रे."

"तुला गाडीत बसवायचं होतं ना," साडू म्हणाले. "लावायचं कुठे?"

फाटकाच्या अलीकडे, घरमालकांच्या पोटापासून हातभर अंतरावर, त्यांनी गाडी न हिसकता उभी केली. "पोचलो," म्हणाल्या. साडू खिडकीबाहेर बघत होते. मलाही बाहेरच बघावंसं वाटलं. माझी आई इथे कधी आलीच नाही. मोठं घर घेतलं की बोलावू, असं म्हणता म्हणता ती गेली. आयुष्यात साडूंच्या कशाचाही हेवा वाटला नव्हता मला. त्या अकरा मीटरांचा वाटला.

तपासणी रीतसर पार पडली. आता दर शनिवारी साडू ती गाडी घेऊन आमच्याकडे येतात, आणि सहा फुटांचा हा माणूस स्टिअरिंगला छाती टेकवून, गुडघे कानापाशी घेऊन बसलेला असतो. मी दोनदा सांगून पाहिलं, की अहो, सीट मागे घ्या. म्हणतात, ती पुढेच अडकलीय, हलतच नाही. त्या सीटला ग्रीस मी स्वतः लावलंय. पण मी पुन्हा काही म्हटलं नाही.