घमेल्यातले बुडबुडे

मंगळवार, सकाळचे दहा. हजर: ढाणकीच्या बाजारातले सायकल दुरुस्तीवाले चाचा, त्यांची अडीच वर्षांची नात आणि पंक्चर झालेली सायकल घेऊन मी, अंगणवाडी सेविका. माझ्या वहीत नातीच्या नावापुढे 'अजून बोलत नाही' असं दोनदा लिहिलेलं होतं.

बोंडअळीने कापूस खाल्लेलं ते साल. दुकानात गिऱ्हाईक कमी. चाचा हातातल्या प्रत्येक वस्तूचं नाव नातीला सांगत आणि तिच्या तोंडाकडे बघत थांबत, जणू आता उत्तर येणारच. आज त्यांनी ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवली. बुडबुडे निघाले, तरी ते विचारतच राहिले, "हवा किधर है, बेटा?"

"चाचा, भोक दिसून राह्यलं ना! मले मीटिंगले जायचं हाय."

"तुमाले दिसलं बाई. आता तिले शोधू द्या."

पोरीनं पाण्यात बोट घातलं, बुडबुडा फोडला आणि ओरडली, "इधर!"

चाचांचा हात थांबला. मग त्यांनी मुद्दाम ट्यूब फिरवली. "अब किधर?"

"इधर!"

मी वही काढून त्या दोन्ही नोंदी खोडल्या. चाचांनी पुन्हा ट्यूब फिरवली. पंक्चर काढायचं अजून बाकीच होतं.