दादाचं निळं पिल्लू

माझा भाऊ शिलाई मशीन दुरुस्त करतो. हात असा, की गंजून बसलेलं मशीनही त्याच्यापुढे मुकाट्याने चालायला लागतं. पण अक्कल सगळी त्या हातातच. डोकं पार पोपटांनी खाल्लेलं.

दुकानामागच्या खोलीत त्याची पोपटांची एक हिरवी जोडी होती. तिच्या पोटी एक पिल्लू निळं निघालं. झालं! दादाचे पाय जमिनीवर ठरेनात. पुढे म्हातारा नर मेला, तेव्हा त्याने काय करावं? मोठा झालेला तोच निळा मुलगा आईशी जोडीला लावला.

"अरे, जनाची नाही तर मनाची तरी!" मी ओरडले.

"पाखरांना कसलं आलंय नातं?" म्हणे. "निळा रंग आईच्याही रक्तात लपलाय. असाच बाहेर येतो तो."

आला की! दोन निळी पिल्लं झाली. एकाला पायावर उभंच राहता येईना, ते लगेच गेलं. दुसरं आंधळं. आईने त्याला भरवणंही सोडलं, तेव्हा दादाने उचललं.

पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पिल्लू तपासलं. "रंग लपतो तसे दोषही लपतात," त्या म्हणाल्या. "एकाच रक्ताची जोडी लावली, की तोच दोष दोन्हीकडून येतो आणि पिल्लाला भोवतो. याचं काळीजही अधू आहे. फार दिवस नाही काढणार."

दादाने घरी येताच जोडी वेगळी केली. मग पिल्लू शर्टाच्या खिशात घालून तो दुकानात बसायला लागला. मशीन उघडायचं, मधेच हात धुऊन सिरिंजने कोमट खाणं भरवायचं. बिचाऱ्याला दिसत नव्हतं, पण दादा खोकला की लगेच चोच वासायचं. इतका जीव लावला मेल्याने! पोपटांचं नाव काढलं की खेकसणारी मी, पण मीही रोज काहीतरी निमित्त काढून दुकानात जायला लागले.

परवा गेले, तर गिऱ्हाईक ताटकळत उभं आणि दादा ओंजळीत तोंड घालून खोकत होता. पुन्हा पुन्हा, मुद्दाम. चोच काही उघडत नव्हती.

गिऱ्हाइकाला उद्या यायला सांगून मी त्याच्याजवळ बसले. "दादा, पुरे रे."

त्याने ओंजळ सोडली नाही.

"हिरवं असतं तरी मला चाललं असतं गं," तो म्हणाला.