वड्या करायला गेलो, लाडू झाले

मंडळी, आज सकाळी आमच्या महागावच्या स्वयंपाकघरात एक फजिती झाली.

माझी बायको सीमा पोलीस भरतीची तयारी करते. रोज पहाटे मैदानावर धावायला जाते. माझ्या आईला ते पटत नाही. ती भांडत नाही, पण वर्षभरात धावण्याबद्दल तिनं एक शब्द विचारला नव्हता.

मोबाईलवर मार्शमॅलोच्या, म्हणजे त्या स्पंजासारख्या मऊ गोड गोळ्यांच्या, प्रोटीन वड्या पाहिल्या होत्या. सीमा मैदानावर गेली तशी मी कढई चढवली. त्यातलं तांदळाचं कुरकुरीत सिरीयल इथं कुठं मिळतं, म्हणून मुरमुरे घेतले. लोण्यात मार्शमॅलो वितळवले आणि प्रोटीन पावडर गॅसवरच ओतली. ती गॅस बंद करून घालायची असते, हे नंतर कळलं. सगळा गोळा रबरासारखा ताणायला लागला. थाळीत पसरेचना.

आई दारात उभी होती. "काय करून राह्यला बापा?"

"सीमासाठी खाऊ. धावाले ताकद लागते."

आई आत आली. हाताला पाणी लावून बसली आणि संक्रांतीला मुरमुऱ्याचे वळते तसे भराभर लाडू वळले.

सीमा घामाघूम परत आली. आईनंच तिच्या हातात लाडू ठेवला. मग हळूच विचारलं, "आठशे मीटरले किती वेळ लागते वं तुले?"

सीमाचे दात लाडवात चिकटलेले. तिनं तीन बोटं दाखवली, तीन मिनिटं.

"अजून कमी कर," आई म्हणाली.

वड्या नीट कशा करायच्या ते कोणाला येत असेल, तर कृपा करून मला सांगू नका.